नेढं नसलेली सुई

आमच्या गावातल्या मंगल कार्यालयात लग्नाचे मुहूर्त संपले की दुसरं काहीतरी भरतं. कधी साड्यांचा सेल, कधी राजस्थानी लोणची, कधी आणखी काही. गेल्या पावसाळ्यात तिथे चिनी सुई-उपचारांचं शिबिर भरलं. गुडघे, कंबर, मान, अर्धशिशी, वजन, थायरॉइड, झालंच तर पाळीच्या तक्रारी, सगळ्यांवर एकच इलाज. आमच्या भिशीतल्या पाचजणी गेल्या. सोबत म्हणून मीही गेले. हॉलमध्ये गाद्या अंथरलेल्या, त्यावर ओळीने बायका निजलेल्या आणि पंचविशीचा एक मुलगा पंगतीत वाढावं तसा सुया टोचत टोचत पुढे सरकत होता.

मी आपलं सहज विचारलं, "बाळा, हे शिकलास कुठं?"

"कोर्स केलाय काकू."

"किती दिवसांचा?"

"दहा दिवसांचा. पण प्रॅक्टिकल भरपूर होतं."

मैत्रिणींनो, आपल्याकडे ब्लाउज शिवायला शिकायचं तर सहा महिने क्लासला जावं लागतं. आणि तिथे बाही बिघडली तर उसवता तरी येते! त्या पाचजणींपैकी दोघींना चार दिवस बरं वाटलं, दोघींना काहीच फरक पडला नाही आणि एकीच्या पायाला सुई टोचली तिथे पू झाला. तिला मधुमेह आहे. तो पाय बरा व्हायला दीड महिना लागला. सुया एकदा वापरून टाकून देत होते की पुसून पुन्हा टोचत होते, हे कोणीच पाहिलं नव्हतं. शिबिरवाले तर केव्हाच पुढच्या गावाला गेलेले.

तो दहा दिवसांचा कोर्स काही माझ्या डोक्यातून जाईना. ज्या देशांत ही विद्या जन्मली आणि वाढली, तिथे माणसाच्या हातात सुई देण्याआधी त्याच्याकडून काय काय करून घेतात, ते शोधत गेले. मग सापडलं ते इतकं वेगळं निघालं, की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आधी या सुईबद्दल. आपल्या सुईला नेढं असतं, हिला नसतं. इंजेक्शनची सुई आतून पोकळ, ही भरीव. जपानमध्ये वापरतात ती साधारण ०.१६ ते ०.२० मिलिमीटर जाडीची, म्हणजे हातात धरली तर वाकेल अशी. चिनी सुई सहसा त्याहून थोडी जाड. शरीरात ठरावीक वाटांनी एक शक्ती वाहते, ती अडली की दुखणं येतं, आणि त्या वाटांवरच्या नेमक्या जागी सुई टोचली की ती मोकळी होते, असं हे जुनं शास्त्र सांगतं. तिला चिनी भाषेत 'ची' म्हणतात आणि जपानीत 'की'. आपल्या 'प्राण' शब्दाची आठवण यावी, असं हे सगळं. शवविच्छेदनात या वाटा सापडत नाहीत, हेही इथेच सांगून टाकते. जागा मात्र पक्क्या मोजलेल्या आहेत. मोजायची पट्टी म्हणजे रुग्णाचंच शरीर. त्याच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक माप, चार बोटं जुळवली की तीन मापं. उंच माणसाची पट्टी मोठी, लहान मुलाची छोटी. आपल्या आज्या नाही का, चार बोटं पाणी, वीतभर कापड असं मोजायच्या, अगदी तसंच!

या जागा विद्यार्थ्याला खरंच पाठ आहेत की नाहीत हे तपासायची चीनमधली एक जुनी रीत वाचून मी थक्क झाले. १०२७ साली तिथल्या सोंग राजवटीत वांग वेईयी नावाच्या राजवैद्याने पुरुषभर उंचीचे दोन काशाचे पुतळे घडवून घेतले. पुतळा आतून पोकळ आणि अंगावर प्रत्येक जागी बारीक भोक. परीक्षेच्या दिवशी वरून मेणाचा लेप द्यायचा, म्हणजे भोकं बुजायची. आत पाणी भरायचं. विद्यार्थ्याला जागा सांगितली की त्याने सुई टोचायची. नेमकी बसली तर पाण्याचा थेंब बाहेर, चुकली तर सुई काशावर आपटून वाकायची. तिथे ना वशिला चालत होता, ना तोंडी गोलमाल उत्तर. (आमच्या बी. ए.च्या तोंडी परीक्षेला असा पुतळा असता तर अर्धा वर्ग घरी बसला असता!)

आज चीनमध्ये पारंपरिक वैद्यकाची पदवी पाच वर्षांची असते. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि चेंगदू इथे त्याची सरकारी महाविद्यालयं सुरू झाली. कोरियात तर ती सहा वर्षांची आहे. पण मला खरी गोष्ट सापडली ती जपानमध्ये. ही विद्या तिकडे चीनहून, कोरियामार्गे सहाव्या शतकात गेली. ७०१ सालच्या राजाच्या कायद्यात सुईवैद्यांचे शिक्षक आणि विद्यार्थी यांची पदंसुद्धा ठरवून दिलेली होती. पुढे सतराव्या शतकात मात्र ती एका अशा माणसाच्या हाती आली, ज्याला सुई दिसतच नव्हती.

त्याचं नाव सुगियामा वाइची. जन्म १६१० चा, त्सु नावाच्या गावी, सामुराई म्हणजे लढवय्या घराण्यात. लहानपणीच आजारात डोळे गेले. तलवार हातात धरणं शक्य नाही, तेव्हा तो एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला गेला आणि यामासे ताकुइची नावाच्या सुईवैद्याकडे शिकायला राहिला. हे गुरूही अंधच. पण शिष्याला काही केल्या जमेना. सांगितलेलं लक्षात राहीना, हात चालेना. शेवटी गुरूने घरी पाठवून दिलं.

इथून पुढे दंतकथा सुरू होते. घरी तोंड कसं दाखवायचं म्हणून हा मुलगा समुद्रातल्या एनोशिमा बेटावर गेला. तिथल्या गुहेत बेंझाइतेन देवीचं ठाणं आहे. ही बेंझाइतेन कोण माहितेय? आपली सरस्वती! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानला पोचली आणि वीणेऐवजी तिच्या हाती तिकडचं तंतुवाद्य आलं. तिच्यापुढे तो उपाशी बसला. अनुष्ठान संपलं, तरी काही घडलं नाही. बाहेर पडताना दगडाला ठेच लागून पडला आणि पायाला काहीतरी टोचलं. चाचपून पाहिलं तर वाळून सुरळी झालेलं पान आणि त्यात अडकलेलं देवदाराच्या जातीच्या झाडाचं सुईसारखं अणकुचीदार पान. सुरळी होती म्हणून ती 'सुई' न वाकता सरळ टोचली होती!

दंतकथा बाजूला ठेवा, पण सुगियामाची बारीक नळी अगदी खरी आहे. सुईपेक्षा नळी किंचित आखूड. ती त्वचेवर उभी धरायची, तिच्यात सुई सोडायची. सुईचं टोक जरासं वर राहतं, त्यावर बोटाने हलकी टिचकी मारायची. सुई क्षणात आत जाते, वाकत नाही, हलत नाही, दुखतही फारसं नाही. शिवाय कुठे टोचायचं ते डोळ्यांनी पाहायची गरज उरत नाही, कारण डाव्या हाताची बोटं नळी धरून आधीच त्या जागेवर बसलेली असतात. आज जगभर एकदाच वापरायच्या ज्या सुया मिळतात, त्यातल्या कितीतरी सुयांसोबत प्लॅस्टिकची अशी नळी येते. डोळस वैद्यही तीच वापरतात. न दिसणाऱ्या माणसाने आपली अडचण सोडवायला काढलेली युक्ती दिसणाऱ्यांच्या कामी आली.

वाइची पुढे क्योतोला जाऊन आणखी शिकला आणि इतका नावाजला, की पाचवा शोगुन, म्हणजे त्या काळचा खरा सत्ताधीश, त्सुनायोशी याने त्याला उपचारांसाठी बोलावलं. बरं वाटल्यावर शोगुनने विचारलं, "काय हवं ते माग." वाइची म्हणाला, "एक डोळा." शोगुन तो कुठून देणार? त्याने एदोमधल्या 'हितोत्सुमे' भागातली जमीन दिली. या शब्दाचा एक अर्थ होतो 'पहिला' आणि दुसरा 'एक डोळा'! तिथे सुगियामाने एनोशिमाच्या देवीचं देऊळ बांधलं. तोक्योच्या सुमिदा भागात ते आजही आहे आणि आता त्या देवळाला देवीबरोबर त्याचंही नाव आहे.

पण मला जमिनीपेक्षा, नळीपेक्षाही मोठी वाटते ती त्याची शाळा. १६८० च्या दशकात शोगुनच्या पाठबळाने त्याने अंधांना सुईविद्या आणि मर्दन शिकवायची पद्धतशीर शाळा काढली. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली पाठ करायची पुस्तकं, टप्प्याटप्प्याने परवानगी. शिष्यांनी पुढे ठिकठिकाणी तशाच शाळा उघडल्या. पॅरिसमधल्या अंधांच्या प्रसिद्ध शाळेच्या सुमारे शंभर वर्षं आधीची ही गोष्ट आहे. ब्रेल लिपीचा तर तेव्हा पत्ताच नव्हता, सगळं कानाने आणि हाताने.

मी दर गुरुवारी दुपारी अंध मुलींच्या एका वसतिगृहात वाचून दाखवायला जाते. वर्तमानपत्र, अभ्यासाचं पुस्तक, कधी एखादी गोष्ट. सुगियामाची गोष्ट मी तिथे सांगितली. बारावीतल्या एका मुलीने पहिला प्रश्न विचारला, "काकू, गुरूने हाकलल्यावर घरच्यांनी त्याला परत बोलावलं नाही?" मी म्हटलं, तसं कुठे वाचलं नाही. ती म्हणाली, "नाहीच बोलावलं असणार." हिच्या घरी मोठ्या बहिणीची स्थळं बघायला लागले तेव्हापासून हिला सुट्टीतही घरी नेत नाहीत. मग जरा वेळाने म्हणते, "पण काकू, आमच्याकडे आपला दुखरा गुडघा घेऊन कोण येईल? लोक येतात ते आम्हाला रस्ता ओलांडून द्यायला."

मला वाटतं, जपानच्या या सगळ्या गोष्टीचा गाभा तिने एका वाक्यात पकडला. आपण अंध मुलींना मेणबत्त्या करायला शिकवतो, खडू करायला शिकवतो आणि दिवाळीत प्रदर्शनातून त्या वस्तू 'तेवढीच मदत' म्हणून विकत घेतो. जपानमध्ये मात्र लोक त्यांच्याकडे आपलं दुखणं घेऊन जात होते आणि बरं वाटलं तर पुन्हा जात होते. तिथे मदत करणारा कोण आणि मदत घेणारा कोण? हा मान त्या लोकांना दयेने मिळाला नाही, शिक्षणाने मिळाला. आणि शिक्षण सोपं करून मुळीच दिलेलं नव्हतं.

ते शिक्षण कसं असतं ते जरा ऐका. सुई माणसाला टोचायच्या आधी तिकडच्या जुन्या गुरूंकडे बादलीत पाणी भरून त्यात काकडी किंवा वांगं तरंगत ठेवायचे. त्यात सुई अशी घालायची की भाजी बुडता कामा नये. हाताचा जोर जरा जास्त झाला की वांगं पाण्याखाली! म्हणजे रेटून काही करायचंच नाही, हे बोटांना शिकवायचं. मग कठीण वस्तूत सुई घालायचा सराव, न वाकवता. मग स्वतःची मांडी. आजच्या शाळांतही आधी सरावाची छोटी उशी, नंतर स्वतःचा पाय, त्यानंतर वर्गातल्या मैत्रिणीचा हात. दुसऱ्याला टोचायच्या आधी शंभर वेळा स्वतःला टोचून घेतलेलं असतं. आणि एक गंमत म्हणजे, उजवा हात सुई आत घालतो, पण मास्तरांचं सारं लक्ष डाव्या हाताकडे. जागा शोधायची, कातडी ताणलीय की सैल, थंड आहे की कोमट, आतला स्नायू गाठीसारखा आहे की मऊ, रुग्णाने दचकून अंग आखडलं का, हे सगळं डावा हात सांगतो. पोळीच्या कणकेला पाणी पुरे झालं की नाही हे आपल्याला जसं डोळ्यांनी पाहावं लागत नाही, तसंच.

सुईच्या जोडीला दुसरी विद्या म्हणजे धुरी-शेकाची. इंग्रजीतला 'मोक्सा' हा शब्द जपानी 'मोगुसा'वरून आला. मोगुसा ज्या झुडपापासून करतात ते आपल्या दवण्याचं सख्खं भावंड. चैत्रात जोतिबाला वाहतो ना, त्याच दवण्याच्या कुळातलं! पानं वाळवून, कुटून, चाळून त्यांच्या पाठीवरची मऊ लव तेवढी उरवतात. तिच्या चिमटीत वळून बारीक वाती करायच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, त्याच्या अर्ध्या, पुढे पुढे तर दोऱ्याइतक्या. त्या जागेवर ठेवून उदबत्तीने पेटवायच्या आणि ऊब लागली की भाजायच्या आत विझवायच्या. चातुर्मासात लाखाची वात करणाऱ्या आपल्या आत्या-मावश्या या विषयात पहिल्या आल्या असत्या. विद्यार्थ्यांना सगळ्या वाती एकसारख्या वळता येईपर्यंत त्या शेकडोंनी वळाव्या लागतात. हे वाचून घरी कोणी उदबत्ती पेटवून बसू नका, एवढं मात्र हात जोडून सांगते. आपल्याकडे मेळघाटात बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने 'डंबा' देतात, त्याने बाळं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. चटका देणारा प्रत्येक जण वैद्य नसतो.

आता थोडं त्या लोकांवर आलेल्या संकटांबद्दल, कारण ही गोष्ट सुगियामापाशी संपली असती तर ती नुसती पुराणकथा झाली असती. जपानी अंधांचा एक मोठा संघ होता. त्यात वादक, गायक, मर्दन करणारे, सुईवैद्य असे सगळे आणि त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या. संघ पुरुषांचा होता बरं का! अंध बायकांना वेगळा मार्ग शोधावा लागला. त्यातल्या काही 'गोझे' झाल्या. सामिसेन नावाचं तंतुवाद्य घेऊन एकीच्या मागे एक, खांद्यावर हात ठेवून, बर्फातून गावोगाव गात हिंडायच्या. त्यांच्यातल्या शेवटच्यांपैकी कोबायाशी हारू १०५ वर्षं जगल्या आणि २००५ मध्ये वारल्या. जपान सरकारने १९७८ मध्ये त्यांना राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरवलं. त्यांच्यावर स्वतंत्र लेखच लिहायला हवा.

नवं सरकार आल्यावर १८७१ मध्ये अंधांचा संघ बरखास्त झाला. १८७४ च्या नियमांनी वैद्यक म्हणजे पाश्चात्त्य वैद्यक असं ठरलं. हजारो अंधांच्या पोटावर पाय आला. मग १८७८ मध्ये क्योतोला आणि १८८० मध्ये तोक्योला अंधांच्या नव्या शाळा निघाल्या. तिथे हीच जुनी विद्या शरीररचना, शरीरक्रिया, रोगविज्ञान, जंतुनाशन यांच्यासोबत शिकवायला सुरुवात झाली. मला वाटतं, ही विद्या वाचली ती यामुळे. "आमचं प्राचीन आहे" म्हणून हटून बसले असते तर कधीच संपली असती. १९११ मध्ये परवान्याचे नियम झाले. दुसऱ्या महायुद्धात जपान हरल्यावर आलेल्या अमेरिकी प्रशासनाला हा सगळा प्रकार रानटी आणि अस्वच्छ वाटला. तो बंद होण्याची वेळ आली, तेव्हा हे लोक रस्त्यावर उतरले आणि १९४७ च्या डिसेंबरमध्ये कायदा होऊन त्यांचा व्यवसाय टिकला.

आज तिथे बारावीनंतर किमान तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, डोळसांना आणि अंधांना सारखाच. शेवटी राष्ट्रीय परीक्षा. मर्दनाची वेगळी, सुईची वेगळी, शेकाची वेगळी. १९९३ पासून ती देशभर एकच घेतली जाते, दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये मिळते, मोठ्या अक्षरांत मिळते, ऐकूनही सोडवता येते. प्रश्न मात्र तेच, सवलतीचे गुण नाहीत. शिकवणाऱ्यांसाठी त्सुकुबा विद्यापीठात वेगळं प्रशिक्षण केंद्र आहे. त्याच शहरात कर्णबधिर आणि दृष्टिहीनांसाठी एक राष्ट्रीय विद्यापीठ आहे, तिथे सुईविद्येची चार वर्षांची पदवी मिळते. आणि योगायोग बघा, २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चीन, जपान, कोरियाचे तज्ज्ञ शरीरावरच्या ३६१ जागा एकमताने ठरवायला शेवटचे बसले तेही त्सुकुबातच. त्यातल्या ९२ जागांवर आधी मतभेद होते! म्हणजे हजार-दीड हजार वर्षं वापरात असलेल्या जागांबद्दलही "आमचंच बरोबर" न म्हणता, पट्टी घेऊन बसावं लागलं.

आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं ठीक, पण गुण येतो का? शिबिरवाल्याच्या यादीवर माझा काडीचा विश्वास नाही. थायरॉइड, वजन वगैरे सोडूनच द्या. दुखण्यांच्या बाबतीत मात्र अभ्यास झालेले आहेत. जर्मनीत २००७ मध्ये कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुई घेतलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना सहा महिन्यांनी बरं वाटत होतं, नेहमीची औषधं-व्यायाम करणाऱ्यांत २७ टक्क्यांना. पण तिसरा एक गट होता. त्यांना मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया टोचल्या होत्या. त्यातल्या ४४ टक्क्यांना बरं वाटलं! मग ३६१ जागा पाठ करायच्या कशाला, असा प्रश्न माझ्याही मनात आला. बरं वाटण्यात जागेचा वाटा किती आणि कोणीतरी शांतपणे आपल्या दुखऱ्या अंगावर हात ठेवून अर्धा तास बसलं याचा किती, हा वाद तज्ज्ञांत चालूच आहे. सांभाळून टोचण्यासाठी मात्र शिक्षण लागतंच, यात वाद नाही. पाठीवर, छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. मधुमेही बाईच्या पायाचं काय होतं, ते तर आम्ही गावातच पाहिलं. जपानमध्येही सरकारी आरोग्यविम्यातून सुईचे पैसे मिळतात ते कंबरदुखी, जखडलेला खांदा, संधिवात अशा मोजक्या दुखण्यांसाठी, आणि तेही डॉक्टरने लेखी संमती दिली तरच.

आपल्याकडे ही विद्या आली त्याची एक वाट महाराष्ट्राच्या अंगणातून जाते. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले, हे आपल्याला व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे माहीत असतं. बसू परतले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सुईविद्या शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ती रुजवली. स्वतः डॉक्टर असलेला माणूस ती शिकायला विद्यार्थी होऊन बसला. आता आपल्या राज्यात अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे, २०१५ चा, आणि त्याखाली नोंदणी करणारी परिषद आहे. तेव्हा पुढच्या वेळी मंगल कार्यालयात गाद्या अंथरलेल्या दिसल्या तर आडवं होण्याआधी दोन गोष्टी विचारा: नोंदणी क्रमांक कुठे आहे, आणि सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडणार का? लाजू नका. भाजीवाल्याला आपण दहा प्रश्न विचारतो.

जपानमध्ये सगळं छान चाललंय असं मात्र नाही. डोळस लोकही या धंद्यात उतरले आणि आज त्यांचीच संख्या मोठी आहे. अंधांचं पोट मारलं जाऊ नये म्हणून १९६४ मध्ये डोळसांसाठी मर्दनाच्या नव्या शाळांवर बंधन घालणारी तरतूद झाली. तिच्याविरुद्ध खटला चालला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनेला धरूनच आहे असा निकाल दिला. शेजारच्या दक्षिण कोरियात तर मर्दनाचा परवाना फक्त अंधांनाच मिळतो. २००६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो नियम रद्द केला तेव्हा अंध स्त्री-पुरुष सोलमधल्या हान नदीच्या पुलावर जाऊन बसले, काहींनी पाण्यात उड्या घेतल्या. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून तो परत आणला आणि २००८ मध्ये न्यायालयानेही मान्य केला. डोळस मर्दन करणाऱ्यांची बाजूही खोटी नाही, त्यांनाही पोट आहे. दुसरीकडे काही अंध तरुण म्हणतात, आम्हाला शिक्षक व्हायचंय, वकील व्हायचंय, जो तो आम्हाला याच एका दाराकडे का ढकलतो? वसतिगृहातल्या मुलींना मी हेही सांगितलं. त्यावर त्यांच्यात जे भांडण जुंपलं ते सांगायला जागा पुरायची नाही. एक दार नको म्हणणाऱ्या दोघी, आणि "आधी एक तर उघडू दे" म्हणणाऱ्या बाकी सगळ्या.

अलीकडे तिकडच्या कंपन्यांनी एक नवीन रीत काढलीय. दिवसभर संगणकासमोर बसून मान-पाठ आखडलेल्या कर्मचाऱ्यांसाठी कंपनी परवानाधारक अंध मर्दनकाराला पगारी नोकरीवर ठेवते. महिन्याचा पगार, सुट्ट्या, सगळं इतरांसारखं.

आणि अंधशाळांच्या या वर्गांत आता नुसती अठरा-वीस वर्षांची मुलं नसतात. जन्मापासून न दिसणारी मुलं तिकडे कमी झाली आहेत. त्यांच्या शेजारच्या बाकावर चाळिशी-पन्नाशीची माणसं बसलेली असतात. कुणाचे डोळे मधुमेहाने गेलेले, कुणाचे काचबिंदूने, कुणाचे पडद्याच्या आनुवंशिक आजाराने. काल-परवापर्यंत कुणी दुकान चालवत होतं, कुणी कचेरीत होतं. या वयात त्या बायका-पुरुषांना आधी ब्रेलचे ठिपके बोटाने ओळखायला शिकावे लागतात, पांढरी काठी घेऊन चालायला शिकावं लागतं, आणि त्याच वर्षी स्नायूंची आणि हाडांची नावं पाठ करावी लागतात. तीन वर्षांनी फेब्रुवारीत परीक्षा. त्यांचीही प्रश्नपत्रिका तीच.